लाटेची तिथी

व्यापारी घराण्यात सहलीची तारीख एकट्याने ठरत नाही. पेढीचा हंगाम, मुलांच्या परीक्षा, नात्यातील लग्नकार्ये, पर्युषण आणि दशलक्षण पर्व, घरातील वडीलधाऱ्यांची व्रते या सर्वांच्या मधली मोकळी जागा शोधावी लागते. ती सापडली की तिकिटे निघतात आणि मगच कोठे जायचे याचा विचार सुरू होतो. या पद्धतीत आजवर फारसे बिघडले नाही. कारण डोंगर, किल्ला वा तीर्थक्षेत्र आपल्या जागी उभेच असते. आपण गेलो की ते भेटते.

लाटेचे तसे नाही. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याकडे येण्याचा खेळ, शिकण्याची हौस आता आपल्याही घरांतील तरुणांना लागली आहे. या खेळासाठी सहल ठरवू लागले की ‘आधी तारीख, मग ठिकाण’ हा क्रम उलटा करावा लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्फिंगची स्पर्धा पॅरिसपासून सुमारे पंधरा हजार किलोमीटर दूर असलेल्या ताहिती बेटावर, तेआहुपो येथे झाली. स्पर्धेला प्रत्यक्षात चार दिवस पुरणार होते; पण संयोजकांनी त्यासाठी दहा दिवस राखून ठेवले होते आणि समुद्र अनुकूल नसलेल्या दिवशी खेळ पुढे ढकलला. जगातील सर्वांत मोठ्या क्रीडासोहळ्यालाही जेथे लाटेची वाट पाहावी लागते, तेथे चार दिवसांच्या सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाने तिला गृहीत धरून कसे चालेल?

सांगलीतील हळदीचा व्यापार करणारे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. महाविद्यालयात शिकणारा मुलगा म्हणतो, “बाबा, या नाताळात श्रीलंकेला जाऊ. मला सर्फिंग शिकायचे आहे.” नववीतील मुलीलाही जायचे आहे. आईला जेवणाची चिंता, आजींना पाण्याची. वडिलांना पोहता येत नाही, आणि ‘समुद्र’ म्हटले की त्यांना वर्तमानपत्रातील बुडण्याच्या बातम्या आठवतात. या घरापुढचा प्रश्न केवळ हौसेचा नाही. मुलांचा जीव, घराचे नियम आणि कष्टाचा पैसा असे तिन्ही त्यात गुंतले आहेत. त्याचे उत्तर मात्र व्यापाऱ्याला परिचित अशाच रीतीने सापडते: मालाची आवक, दर्जा आणि बाजारातील गर्दी यांचा अंदाज घेऊन.

लाट कोठून येते

किनाऱ्यावर फुटणारी लाट त्या किनाऱ्यावर जन्मलेली नसते. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात, चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात वर्षभर वादळे घोंघावत असतात. तेथील वारा पाण्यावर शेकडो किलोमीटर सलग वाहतो आणि आपली शक्ती पाण्याला देतो. वादळ मागे राहते; त्याने निर्माण केलेल्या लाटा मात्र शिस्तीत रांगा धरून हिंदी महासागर ओलांडत उत्तरेकडे निघतात. सर्फिंग करणारे त्यांना ‘स्वेल’ म्हणतात.

स्वेलचा दर्जा दोन आकड्यांवरून कळतो. पहिला उंचीचा, दुसरा लाटांमधील कालांतराचा. एक लाट गेल्यावर दुसरी येईपर्यंत किती सेकंद जातात, ते हे कालांतर. नवखा माणूस केवळ उंची पाहतो. जाणकार आधी सेकंद पाहतो. सहा-सात सेकंदांची लाट म्हणजे जवळच्याच वाऱ्याने उठवलेली खळबळ. चौदा-पंधरा सेकंदांची लाट दूरच्या वादळातून आलेली, खोल आणि ताकदवान असते. एक मीटर उंचीच्या दोन लाटांपैकी पंधरा सेकंदांची लाट सात सेकंदांच्या लाटेहून सुमारे दुप्पट शक्ती वाहून आणते. उंची दुप्पट झाली तर लाटेतील ऊर्जा चौपट होते, हेही ध्यानात ठेवावे. एक मीटरच्या लाटेत आनंदाने खेळणारा मुलगा दोन मीटरच्या लाटेतही तसाच खेळेल असे मानणे, ही म्हणूनच मोठी चूक ठरते.

पंधरा सेकंदांच्या लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी सुमारे बेचाळीस किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर सरकतो. सहा हजार किलोमीटरवरच्या वादळातून निघालेली लाट श्रीलंकेला पोहोचण्यास सुमारे सहा दिवस लागतात. माल जहाजावर चढला आहे आणि सहा दिवसांनी बंदराला लागेल, असे व्यापाऱ्याला जसे आधी कळते, तसेच हे आहे. उपग्रहांची निरीक्षणे आणि संगणकावरील गणिते यांच्या आधारे स्वेलचा अंदाज आठवडाभर आधी बऱ्यापैकी बांधता येतो. आपल्या देशात हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही शासकीय संस्था सागरी स्थितीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. दक्षिणेकडून येणारी अशीच स्वेल कधी कधी स्वच्छ आकाश आणि शांत वारा असताना केरळच्या किनारी वस्त्यांत शिरते. तेथील मच्छीमार तिला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरटा समुद्र, म्हणतात. वर ऊन आहे म्हणून खाली समुद्र शांत असेल, असे मानू नये, हा धडा त्या एका शब्दात आहे.

एक बेट, दोन किनारे

लाट आली म्हणजे काम झाले, असेही नाही. शेवटच्या काही किलोमीटरवर वारा तिचे भवितव्य ठरवतो. समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा लाटेला मागून ढकलतो, तिचा माथा विस्कटून टाकतो. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा तिला समोरून थोपवून धरतो. लाट गुळगुळीत, उभी आणि स्वच्छ राहते. शालेय भूगोलातील मतलई वारे आणि खारे वारे येथे उपयोगी पडतात. रात्री जमीन थंड झाल्यावर वाहणारा मतलई वारा पहाटेपर्यंत टिकतो, आणि ऊन चढले की खारा वारा सुटतो. म्हणूनच जगभरातील बहुतेक किनाऱ्यांवर सर्फिंगची उत्तम वेळ सूर्योदयापासून सकाळी आठ-नऊपर्यंतची असते.

हाच नियम ऋतूंच्या मोठ्या मापावर पाहायचा असेल तर श्रीलंकेसारखे उदाहरण नाही. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे बेटाच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर थेट आदळतात. तेथील समुद्र खवळलेला आणि गढूळ असतो. तेच वारे बेट ओलांडून पूर्व किनाऱ्यावर पोहोचतात तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात. पाऊस मागे डोंगरात पडून गेलेला असतो. पूर्वेकडे कोरडे ऊन असते. त्यामुळे पोत्तुविलजवळचा अरुगम बे हा किनारा साधारण मे ते सप्टेंबर या महिन्यांत जगभरच्या सर्फरांनी भरतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की चित्र पालटते. पूर्वेकडे पाऊस आणि खळबळ. दक्षिणेकडे वेलिगामा, मिडिगामा, हिक्काडुवा येथे नितळ पाणी. या दोहोंच्या मधले मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे संधिकाळ.

म्हणजे स्वेल तीच, बेट तेच. पण वाऱ्याची दिशा बदलली की एक किनारा मिटतो आणि दुसरा उघडतो. ज्याला केवळ ‘श्रीलंका’ ठाऊक आहे आणि महिना ठाऊक नाही, तो चुकीच्या किनाऱ्यावर पोहोचून आठवडाभर खोलीत बसतो. आपल्या परंपरेत नवपद ओळीच्या दिवसांत श्रीपाळाची कथा वाचली जाते, आणि तिच्यात समुद्रप्रवासाचे प्रसंग आहेत. ती ओळी चैत्रात आणि आश्विनात येते; श्रीलंकेचे किनारे आपली पाळी बदलू लागतात तेही साधारण याच सुमारास.

दोन पंचांगे एकमेकांवर ठेवली तर

आता सांगलीच्या त्या घराचे पंचांग आणि समुद्राचे पंचांग शेजारी ठेवून पाहावे.

जानेवारीचा मध्य ते मार्च हा दक्षिण किनाऱ्याचा सर्वांत भरवशाचा काळ. वारा अनुकूल, पाऊस कमी, नाताळची गर्दी ओसरलेली. पण याच दिवसांत सांगलीच्या बाजारात नव्या हळदीची आवक सुरू होते आणि मुलांच्या परीक्षा असतात. हा काळ हातून जातो.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण दक्षिण किनारा मिटत आलेला असतो. पूर्वेकडे हंगामाची नुकतीच सुरुवात असते. लाटा लहान, गर्दी बेताची. शिकणाऱ्यासाठी हे वाईट नाही. मात्र कोलंबोहून अरुगम बेचा रस्ता बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा, जवळजवळ दिवस खाणारा आहे. आजींना बरोबर न्यायचे असेल तर याचाही विचार हवा.

जून ते ऑगस्ट हा अरुगम बेचा ऐन हंगाम. पण तेव्हा आपल्याकडे चातुर्मास सुरू झालेला असतो आणि पुढे पर्युषण व दशलक्षण पर्व येते. अनेक श्रावक या काळात दूरचा प्रवास टाळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करतात. समुद्रानेच ज्याला विश्रांती घ्यायला लावले आहे, अशा ऋतूत कोकण वा गोव्याच्या पाण्यात उतरण्याचा तर प्रश्नच उद्भवू नये.

नाताळची सुट्टी दुकानाला आणि शाळेला दोन्हीकडे सोयीची, पण ती साऱ्या जगालाच सोयीची. २० डिसेंबर ते १० जानेवारी या काळात वेलिगामाच्या उपसागरात जागेचे आणि खोलीचे दोन्हींचे दर चढतात.

राहते दिवाळीची सुट्टी, आणि येथे एक गंमत आहे. दिवाळी दरवर्षी इंग्रजी महिन्याच्या एकाच तारखेला येत नाही. २०२५ साली लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होते. २०२६ साली अधिक महिन्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येते. आपल्याला तो केवळ तिथीचा फरक वाटतो. समुद्राच्या दृष्टीने तो जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर दक्षिण किनाऱ्याची घडी अजून बसायची असते. नोव्हेंबरच्या मध्यावर ती बसू लागते आणि युरोपातून येणारी गर्दी अजून सुरू व्हायची असते. दुपारचा पाऊस मात्र धरून चालावे, आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळाची चिन्हे दिसली तर बेत पुढे ढकलण्याची मनाची तयारी ठेवावी. अधिक महिन्याच्या वर्षी लाभपंचमी उरकून निघणारे कुटुंब थोडा पाऊस सोसून पुष्कळ गर्दी टाळते. हा व्यवहार नफ्याचा आहे.

अंदाज वाचण्याची रीत

महिना ठरला, आता दिवस. सर्फिंगचे अंदाज देणारी अनेक अॅप आज हाताशी आहेत. त्यांवर पाच गोष्टी पाहाव्यात: स्वेलची उंची, कालांतर, ती कोणत्या दिशेकडून येते, वाऱ्याची दिशा आणि वेग, आणि भरती-ओहोटी. दहा दिवस आधीचा आकडा हा केवळ कल समजावा. पाच-सहा दिवस आधी स्वेलवर बऱ्यापैकी विसंबता येते. वारा मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांतच नीट कळतो. म्हणून खोली आणि विमान आधी ठरवावे. पण कोणत्या दिवशी पाण्यात उतरायचे आणि कोणत्या दिवशी गॉल किल्ला पाहायचा, हे तेथे पोहोचल्यावर रोज संध्याकाळी ठरवावे. सात दिवसांच्या सहलीत सातही दिवस सर्फिंगचे वर्ग आगाऊ भरून ठेवणे म्हणजे सौदा पाहण्याआधीच बोली लावणे होय.

भरती-ओहोटी समजण्यात आपल्या घरांना एक सोय आहे. अष्टमी आणि चतुर्दशी ज्या घरात पाळली जाते, त्या घराला चंद्राची कला पाहण्यासाठी अॅप लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि पाण्याचा चढउतार सर्वाधिक असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमीत कमी. कोकणातील दर्यावर्दी तिथीला पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगत आले आहेत. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. हा ठोकताळा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे. श्रीलंकेत तो चालणार नाही. तेथे चढउतारही मुंबईच्या मानाने अगदी थोडा, मीटरच्या आतच असतो. तरीही उथळ खडकांवर तेवढ्याने फरक पडतो. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत पोहोचली की फुटते. म्हणजे एक मीटरची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात कोसळते. खाली वाळू असेल तर पडणाऱ्याला फारसे लागत नाही. खाली प्रवाळाचा खडक आणि समुद्री साळींचे काटे असतील तर सहल दवाखान्यात संपते.

म्हणून शिकणाऱ्याने वाळूच्या तळाचा किनारा निवडावा. दक्षिणेत वेलिगामाचा रुंद, वाळूचा उपसागर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पूर्वेकडे अरुगम बेचा मुख्य पॉइंट अनुभवी लोकांचा. तेथेच आतल्या बाजूचा बेबी पॉइंट आणि उत्तरेकडचा व्हिस्की पॉइंट नवख्यांसाठी सौम्य. मिडिगामाजवळचा ‘राम्स’ हा उथळ खडकावरचा किनारा छायाचित्रांत फार देखणा दिसतो. नवशिक्याने तो छायाचित्रातच पाहावा.

गर्दीचा हिशेब

आजच्या सर्फिंगमध्ये लाटेइतकाच मोठा प्रश्न गर्दीचा झाला आहे, आणि त्याचे कारण व्यापाऱ्याला चटकन उमगेल. तेच अॅप, तोच अंदाज, त्याच क्षणी सर्वांच्या हाती असतो. उद्या सकाळी सात वाजता उत्तम लाट आहे असे एकाला कळते तेव्हा ते सगळ्यांनाच कळलेले असते. भाव सर्वांना ठाऊक झाला की त्यात फायदा उरत नाही.

हिशेब साधा आहे. लाटा एकसारख्या येत नाहीत. त्या गटागटाने येतात. समजा, दर दहा मिनिटांनी एक गट येतो आणि त्यात चार लाटा घेण्याजोग्या असतात. तासाला चोवीस लाटा झाल्या. पाण्यात आठ जण असतील तर प्रत्येकाला तासाला तीन लाटा. चाळीस जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे पावणेदोन तासांनी एक. त्यातही अनुभवी लोक अधिक घेतात; नवखा रिकाम्या हाताने परततो, किंवा घाईने मध्ये घुसून कोणाच्या फळीचा मार खातो.

यातून सुटण्याचे मार्ग आहेत. सर्वोत्तम दिवसाऐवजी त्याच्या आदला किंवा नंतरचा दिवस घ्यावा. नामांकित किनाऱ्याऐवजी पलीकडचा, दहा मिनिटे अधिक चालावे लागणारा किनारा घ्यावा. शनिवार-रविवार टाळावा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्य आणि मांसाची विक्री बंद असल्याने आपल्या माणसांना वातावरण सुखावह वाटते; पण स्थानिक कुटुंबेही किनाऱ्यावर येतात, हे लक्षात घेऊन सर्फिंग आदल्या दिवशी उरकावे. एप्रिलच्या मध्यावर सिंहली आणि तमिळ नववर्षाच्या सुट्ट्या असतात, त्याही पाहून घ्याव्यात. शिवाय अगदी नवख्याला उभ्या लाटेच्या रांगेत जाण्याची गरजच नसते. कंबरभर पाण्यात, आधीच फुटून फेसाळत येणाऱ्या लाटेवर तो शिकतो. ती लाट कोणी कोणाकडून हिरावत नाही. तेथे मोकळी जागा पाहणे आणि सुटी फळी अंगावर येणार नाही याची काळजी घेणे, एवढेच पुरते.

पाण्यातील मर्यादा

सर्फिंगचा एक अलिखित कायदा आहे. एका लाटेवर एकच माणूस. लाट जेथे प्रथम फुटू लागते त्या जागेच्या सर्वांत जवळ असलेल्याचा तिच्यावर हक्क. त्याच्या पुढ्यात उडी घेणे हा अपराध. दुसऱ्याला वळसा घालून पुन्हा पुन्हा पुढचा नंबर लावणे हेही गैर. परत बाहेर जाताना लाटेवरून येणाऱ्याचा मार्ग सोडून बाजूने जावे. फळी कधी हातातून सोडू नये. पायाला बांधलेला पट्टा तपासून घ्यावा. चूक झाली तर हात वर करून क्षमा मागावी.

जैन वाचकाला या नियमांत काहीच अपरिचित वाटू नये. श्रीपाळाच्या कथेतील धवलशेठ हा व्यापारीच होता. दुसऱ्याचे ते आपले व्हावे या लोभाने त्याने श्रीपाळाला समुद्रात ढकलले. श्रीपाळ तरला, धवलशेठचा मात्र शेवटी नाश झाला. लाट साठवता येत नाही, विकता येत नाही, घरी नेता येत नाही. तिच्याबाबतही माणूस परिग्रह करू लागतो, हे पाण्याच्या रांगेत बसले की दिसते. मुलांना अपरिग्रहाचा पाठ एरवी शब्दांनी द्यावा लागतो. चार जण थांबले असताना एक चांगली लाट दुसऱ्यासाठी सोडली की तो पाठ त्यांना स्वतःहून कळतो.

नियम आणि दिनक्रम

काही श्रावकांनी जलक्रीडेचा त्याग केलेला असतो. अप्काय जीवांचा विचार करून ते समुद्रात उतरत नाहीत. त्यांना आग्रह करू नये. किनाऱ्यावर त्यांच्यासाठी सावली आणि बसण्याची सोय पाहणे, हेही नियोजनच आहे. जे उतरणार आहेत त्यांनीही विवेक सोडू नये. प्रवाळावर पाय देऊन उभे राहू नये. जीवविचारात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात आहे, आणि आधुनिक शास्त्र त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत म्हणते. दोन्ही बाजूंनी तो जीवच ठरतो. उन्हासाठी लावण्याच्या काही मलमांतील रसायने प्रवाळाला घातक ठरतात. हवाईत अशा मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा उत्तम. फळीवर चोळण्याच्या काही मेणांत मधमाशांचे मेण असते, हेही विचारून घ्यावे. शिकण्याच्या मऊ फळीला बहुधा मेण लागतच नाही.

दिनक्रमाचा मेळ मात्र सुरेख बसतो. विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर सूर्योदय आणि सूर्यास्त सहाच्या आसपास होतात. ज्यांना नवकारशीचा नियम आहे त्यांची ती ४८ मिनिटे मतलई वाऱ्यातल्या स्वच्छ लाटांत सहज जातात, आणि मग नाश्ता. खरी ओढाताण संध्याकाळी होते. चार ते सहा ही सर्फिंगची दुसरी चांगली वेळ, आणि चौविहार पाळणाऱ्यांची जेवणाचीही तीच. येथे एकच निवडावे लागते. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते त्या घराने सकाळ पाण्याची आणि संध्याकाळ ताटाची, असे पहिल्याच दिवशी ठरवावे. मग रोजचा वाद राहत नाही.

आहाराबाबत विशेष सावध राहावे. श्रीलंकेत भात आणि भाज्यांचे अनेक प्रकार मिळतात, पण ‘भाजी’ या नावाने समोर येणाऱ्या पदार्थात आणि नारळाच्या संबोलात सुकवलेल्या मासळीचा चुरा घालण्याची तेथे सर्रास रीत आहे. ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. ‘मासळीचा चुराही नको’ असे स्पष्ट सांगावे. कांदा-लसूण आणि कंदमूळ टाळायचे असेल तर स्वयंपाकघर वापरू देणारी निवासाची जागा घेणे सर्वांत निश्चिंत. नारळ, केळी, पपई, अननस आणि तांदूळ तेथे मुबलक. बाकी शिधा घरून न्यावा.

पाण्यात न उतरण्याचा निर्णय

सरतेशेवटी सर्वांत महत्त्वाचे. ज्याला पोहता येत नाही त्याने आधी पोहणे शिकावे. त्यासाठी सांगलीतील तलाव पुरेसा आहे. फळीवरचे पहिले धडे दूर परदेशी घेण्याची गरज नाही. पावसाळा संपल्यावर गोव्याच्या उत्तरेकडील अश्वे-मांद्रे परिसरात लाटा लहान असतात आणि शिकवणारेही मिळतात. कर्नाटकातील मुल्की येथे एका आश्रमाने सर्फिंगचे केंद्र चालवले आणि तेथे शाकाहाराची परंपरा आहे. एक-दोन वेळा अशा जवळच्या पाण्यात शिकून मगच समुद्र ओलांडावा.

परतीच्या प्रवाहाची ओळख घरातील प्रत्येकाला हवी, पाण्यात उतरणार नसलेल्यांनाही. किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने वेगाने समुद्राकडे परत जाते. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून ती जागा उलट शांत दिसते आणि पोहणारे नेमके तेथेच उतरतात. ओढले गेल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. शांत राहून तरंगावे, हात वर करून मदत मागावी, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाजूला व्हावे आणि मग लाटांबरोबर परत यावे. घाबरून थकणारा माणूस बुडतो. दुसरा बुडतो आहे हे पाहून पोहता न येणाऱ्याने पाण्यात धाव घेऊ नये. तरंगणारे काही तरी फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे.

सांगलीच्या त्या घरात समजा असे ठरले: नाताळ सोडून दिवाळीनंतरची सुट्टी, अरुगम बेऐवजी वेलिगामा, सहा दिवसांत वर्ग तीनच ठरवलेले, उरलेले दिवस मोकळे, आणि निघण्याआधी दोन्ही मुलांनी पोहण्याचे वर्ग पूर्ण करायचे. आजी किनाऱ्यावर जपमाळ घेऊन बसतील. आणि एक अट वडिलांची: सकाळी पाणी पाहून शिकवणाऱ्याने वा घरातील एकानेही ‘आज नको’ म्हटले तर त्या दिवशी कोणीही उतरायचे नाही आणि त्यावर चर्चाही करायची नाही.

मुलाला ही अट सर्वांत जड वाटेल. विमानाचे तिकीट काढले, फळी भाड्याने घेतली, समोर समुद्र आहे, आणि उतरायचे नाही! पण व्यापारात ज्याने नाव कमावले त्या प्रत्येकाला एक दिवस आठवतो, ज्या दिवशी सगळे घेत होते आणि त्याने घेतले नाही. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात, शत्रुंजयाची यात्रा थांबते. मार्ग संपला म्हणून नव्हे, तर त्या ऋतूत त्या मार्गावर पाऊल टाकणे योग्य नाही म्हणून. समुद्रापुढेही तोच विवेक लागतो. ज्याला किनाऱ्यावर बसून एक दिवस जाऊ देता आला, त्याची पुढच्या दिवशीची लाट सुरक्षित असते, आणि त्याच्या घरच्यांची झोपही.